पाच रंगांचा चेंडू

चार दिवसांसाठी आले होते ते, नऊ जण.
सारखे निळे टी-शर्ट, पाठीवर चर्चचं नाव,
नाकावर पांढरं मलम फासलेलं, उन्हाच्या धाकानं.
जानेवारीचं ऊन. आम्ही स्वेटरात.

टेंभुरखेड्याच्या शाळेमागं, जिथं पूर्वी बैलबाजार भरायचा,
तिथं चुलीतल्या राखेनं रेघा आखल्या.
गोलचे खांब पऱ्हाटीच्या पेंढ्यांचे.
चेंडू लागला की खांबच आडवा व्हायचा,
अन् गोल झाला की नाही, यावर
पोट्ट्यांची कोरकूत भांडणं.

मी दुभाष्या. याकोब तायडे,
मिशन दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर.
टॉड साहेब बोलायचे, मी मराठीत आणायचो,
मराठीतून कोरकूत सुगराय भिलावेकर, सातवीतली,
कारण खालच्या ढाण्यातल्या लेकरांना
माझी मराठीही परदेशीच.
तीन उंबरे ओलांडून देव पोचत होता,
प्रत्येक उंबऱ्यावर थोडा सांडत.

एकदा साहेब डोळे मिटून दोन मिनिटं बोलले.
मी एक मिनिट.
सुगराय चार शब्द.
लेकरं खिदळली.
"काय सांगितलंस गं?"
"म्हटलं, त्यायच्या बुटाची नाडी सुटली."
सुटलीच होती.

तिसऱ्या दिवशी पेटीतून तो चेंडू निघाला.
साहेबांनी काळ्या चौकटीवर बोट ठेवलं: हे पाप.
मी तोंड उघडलं.
समोर पन्नास पोरं उकिडवी,
गुडघ्यापर्यंत काळी माती,
गुडघ्यावर काळीच कातडी.
माझ्या आजाला दुष्काळात मिशननं ज्वारी दिली,
मग अक्षर दिलं, मग हे नाव.
मी ते कधी ओझं म्हणून वाहिलं नाही.
पण जीभ त्या रंगात रुतली,
बंडीचं चाक रुतावं तशी.

मग म्हणालो:
ही काळी. शेताची. हिच्यात पुरलेलं वर येतं.
ही पांढरी. गावठाणाची. हिच्यावर चुली पेटतात.
लाल तो पळस, त्याला अजून महिना आहे.
हिरवा हरभरा, खा सोलून.
पिवळ्यापाशी मी थांबलो,
तर सुगरायच बोलायला लागली, मला न विचारता,
बराच वेळ, हात हलवत.
पोरं गप्प. एकानंही नाक ओढलं नाही.

साहेबांचे डोळे भरून आले. वचन पोचलं, म्हणाले.
माणूस वाईट नव्हता.
झिंगू मावस्करच्या टाचेतला बोरीचा काटा
त्यानं मातीत बसून, स्वतःच्या दातांनी काढला होता.
हे कुठल्या रंगात बसवायचं,
मला अजून उमगलेलं नाही.

त्या रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले,
अन् माफी कुणाच्या वतीनं मागायची,
तेच ठरेना.

जाताना जीपपाशी वही उघडून विचारलं,
एकूण किती हात वर झाले?
हात तर बिस्किटाच्या पुड्यालाही वर झाले होते.
मोजले नाहीत, म्हणालो.
त्यांनी काहीतरी लिहिलं.

चेंडू राहिला.
पंधरा दिवसांत बाभळीनं फोडला,
धारणीच्या रऊफनं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं,
पैसे घेतले नाहीत, एक लाथ तेवढी मारून पाहिली.
होळीपर्यंत पाचही रंग घासून गेले.
आता तो ढेकळासारखा दिसतो,
उडाला की मात्र कळतं.

काल सुगरायनं लांबून हाणला. खांब पडला.
आरडाओरडा. सगळे माझ्याकडं बघायला लागले,
म्हाताऱ्याला एवढं तरी येत असेल म्हणून.
मी तिला जवळ बोलावलं, हळूच विचारलं,
"पोरी, त्या दिवशी पिवळ्याचं काय सांगितलंस?"
तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला,
माती कपाळभर झाली.
"ते जाऊ द्या बाबा," म्हणाली,
"गोल होता का नव्हता, ते सांगा आधी."